प्रस्तावना : सालीसकट

भाज्यांच्या पोषणमूल्यांचा कुठलाही तक्ता उघडला की त्यातले बहुतेक आकडे ‘खाद्य भागा’चे असतात. साल, शिरा, देठ काढून उरलेल्या गराचे. म्हणजे मोजमाप सुरू होण्याआधीच सुरी चालून गेलेली असते. काय खायचे आणि काय उकिरड्यावर टाकायचे हा निवाडा प्रयोगशाळेने केलेला नसतो. स्वयंपाकघर, बाजार आणि सवय यांनी तो आधीच करून ठेवलेला असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत. त्यांत दोडका सापडतो, दोडक्याच्या शिरांची वेगळी ओळ मात्र सापडत नाही. आणि हैदराबादपासून फार लांब नसलेल्या औराद तालुक्यात दोडका घरी आला की गृहिणीचा हात आधी जातो तो शिरांकडे, कारण भाजी दुपारपर्यंत संपते आणि शिरांची चटणी दोन दिवस पुरते. तक्ता आणि तवा यांच्यातल्या या फटीत हे पुस्तक उभे आहे.

औराद म्हणजे बिदर जिल्ह्याचे उत्तरेचे टोक. नावाचा घोळ नको म्हणून त्याला औराद बाऱ्हाळी म्हणतात. दुसरे औराद, औराद शहाजानी, लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यात आहे. पूर्वी सगळा मुलूख निजामाच्या राज्यातला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि बिदर म्हैसूर राज्यात. कागदावर सीमा पडली, पण चुलीवर पडली नाही. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, दखनी आणि थोडी तेलुगू बोलली जाते आणि चारही भाषांच्या घरांत ज्वारीची भाकरी थापली जाते. काळी जमीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, अलीकडे सोयाबीन, आणि मांजरेचे पाणी जिथे पोचते तिथे ऊस. भाजीपाल्याचा मोठा मुलूख हा कधीच नव्हता. भाजी बेताची, म्हणून ती पुरवून खायची रीत. सालींचा स्वयंपाक इथे रुजला तो या रीतीतून.

या भागातल्या साली चार प्रकारच्या धरल्या तर नवख्या वाचकाला वाट सापडेल. पहिला प्रकार, काढून वेगळ्या शिजवायच्या साली: दोडक्याच्या शिरा, कोवळ्या दुधीची साल, कारल्याची खरवड. दुसरा, ज्या आपण साल म्हणून मोजतही नाही अशा: वांगे, टोमॅटो, काकडी, भेंडी, गवार. तिसरा, जाड आणि हट्टी साली: लाल भोपळा, कच्ची केळी, कलिंगडाच्या हिरव्या सालीखालचा पांढरा भाग. आणि चौथा प्रकार, ज्याला भाजीवाल्याकडे जागा नाही पण ज्याच्यावाचून औरादबद्दल बोलताच येत नाही: डाळींची टरफले. या पुस्तकात ‘साल’ हा शब्द या चारही अर्थांनी येतो.

पहिल्या प्रकारातला एक पदार्थ जरा जवळून पाहू. चटणीसाठी दोडका कोवळा लागतो. नखाने दाबला तर शीर मोडली पाहिजे. दोडका धुऊन, पुसून, शिरा सुरीने सोलून घेतात आणि बारीक चिरतात. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल टाकून मंद आचेवर त्या परततात. आधी पाणी सुटते, मग ते आटते, मग कडा करकरीत होऊ लागतात. इथवर येईपर्यंत तव्यापासून हलायचे नाही. तीळ, शेंगदाणे किंवा कारळ वेगळे भाजायचे. लसूण, लाल तिखट, मीठ घालून सगळे खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचे. या कृतीत पोषणशास्त्राची तीन कामे न सांगता होऊन जातात. पाणी उडाल्यामुळे चार दोडक्यांच्या शिरा वाटीभर चटणीत मावतात. कुटल्यामुळे चिवट तंतू तुटतात आणि पोटाला सोपे जातात. तेलबियांतल्या स्निग्धतेमुळे सालीतले कॅरोटिनसारखे तेलात विरघळणारे घटक अंगी लागायला मदत होते. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या चटणीतले बरेचसे कॅल्शियम तिळाचे असते, शिरांचे नव्हे. शिरांची देणगी मुख्यतः तंतूंची. सालीचे गुणगान करताना तिळाचे श्रेय सालीच्या खात्यावर टाकायचे, ही या विषयातली नेहमीची लबाडी आहे आणि या पुस्तकाने ती टाळली आहे.

सालींचा विचार नवा नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त महाळुंगाची साल, गर आणि आतला केसर यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत, एकाच फळाचे तीन भाग म्हणजे तीन वेगळी द्रव्ये, ही दृष्टी तिथे स्पष्ट आहे. डाळिंबाची साल अतिसारावर वापरण्याची परंपराही जुनी. आपल्या भागापुरते बोलायचे तर बिदर जिल्ह्यातलेच बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी, आणि तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा १२ व्या शतकातला ग्रंथ. त्यातल्या अन्नभोग प्रकरणात डाळी, तांदूळ, मांस यांचे पदार्थ तपशिलाने येतात. पण ते राजाचे ताट होते. कुणब्याच्या घरात शिरांचे काय होत होते, हे राजाच्या ग्रंथात शोधण्यात अर्थ नाही. मराठीत छापील पाकपुस्तके १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ लागली; ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. तरीही सालींचे ज्ञान आजवर मुख्यतः तोंडीच चालत आले, सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे.

आधुनिक पोषणशास्त्राचा उगम मात्र थेट सालीपाशी जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९ व्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टराला दिसले की सडून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सुधारतात. त्या कोंड्यात काय आहे याच्या शोधातून पुढे ब१ जीवनसत्त्व हाती आले. १९१२ साली कासिमिर फुंकने अशा द्रव्यांना ‘व्हिटामाइन’ हे नाव सुचवले आणि १९२९ साली आइकमानला नोबेल मिळाले. भारतात १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या तपासासाठी एक छोटा विभाग सुरू केला. तोच वाढत वाढत १९५८ साली हैदराबादला आला आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्या संस्थेचे तक्ते आज आपण प्रमाण मानतो, तिचा जन्म टरफल गमावल्याने होणाऱ्या रोगातून झाला आहे.

दुसरा धागा वर्ध्याचा. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल यांचा आग्रह धरला. त्या आग्रहात पोषण होते तसे अर्थकारणही होते: गिरणी जे काढून घेते त्याच्याबरोबर गावातल्या हाताचे कामही जाते, असा त्यांचा मुद्दा.

तिसरा धागा तंतूंचा. फार काळ अन्नातला ‘चोथा’ मोजला जायचा तो १९ व्या शतकात जर्मनीत वेंडे इथे जनावरांच्या चाऱ्यासाठी बसवलेल्या पद्धतीने. आम्ल आणि अल्कलीत उकळून जे उरेल तेवढेच तंतू. या पद्धतीत विरघळणारे तंतू निसटून जात आणि सालीची किंमत कागदावर कमी लागे. १९७० च्या दशकात डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतल्या अनुभवावरून तंतूंचा आणि आतड्याच्या आजारांचा संबंध मांडला, त्यानंतर आहारातल्या तंतूंकडे जगाचे लक्ष गेले. १९८० च्या दशकात मोजण्याच्या नव्या पद्धतीही आल्या. सालीला शास्त्रात मान मिळाला तो असा उशिरा.

आज या विषयात ढोबळमानाने चार पंथ दिसतात. पहिला घरगुती परंपरेचा. तो साल खातो, कारण ती चवीला लागते आणि टाकवत नाही. बंगाली घरांतले सालींचे चच्चडी, कानडी घरांतली हिरेकाईच्या, म्हणजे दोडक्याच्या, सालींची चटणी हे त्याच पंथातले. दुसरा निसर्गोपचाराचा, तो अन्न जितके अखंड तितके चांगले मानतो. १९४६ साली उरुळी कांचनला सुरू झालेल्या निसर्गोपचार आश्रमापासून महाराष्ट्रात त्याला घर आहे. तिसरा प्रयोगशाळेचा, त्याला सालीतले एकेक रसायन हवे असते, वांग्याच्या सालीतले जांभळे नासुनिन, कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांतले क्वेर्सेटिन, टोमॅटोच्या सालीतले लायकोपिन. चौथा अन्नउद्योगाचा, प्रक्रियेत उरलेल्या साली वाळवून, दळून पुन्हा विकण्याजोग्या करायच्या. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत आंब्याच्या सालीची पूड बिस्किटांत आणि मॅकरोनीत घालून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. हे चार पंथ एकमेकांशी क्वचितच बोलतात. परंपरेला मात्रा सांगता येत नाही, निसर्गोपचाराला धोका सांगायला आवडत नाही, प्रयोगशाळेला चव कळत नाही आणि उद्योगाला गरिबाचे घर दिसत नाही.

मग सालीत खरोखर आहे तरी काय? तंतू आहेत, यात वाद नाही. रंगीत भाज्यांच्या सालीत रंगद्रव्ये गरापेक्षा दाट असतात, यातही नाही. काकडी सोलली की तिच्यातले क जीवनसत्त्व फारसे हलत नाही, पण के जीवनसत्त्वाचा मोठा वाटा सालीबरोबर जातो. मात्र ‘सगळे पोषण सालीतच’ हे वाक्य खोटे आहे. एक ग्रॅम साल एक ग्रॅम गरापेक्षा समृद्ध असू शकते. पण बटाट्यात साल असते किती? बटाट्यातले बहुतेक क जीवनसत्त्व गरातच असते. सालीचा तिथला खरा उपयोग वेगळा: सालीसकट उकडला तर ते जीवनसत्त्व पाण्यात कमी उतरते. म्हणून बटाटा सालीसकट उकडावा, मग सोला किंवा खा.

लोहाच्या बाबतीत तर अधिकच सावध राहायला हवे. सालीत आणि टरफलात लोह असते, पण शेजारीच फायटेट आणि टॅनिन बसलेले असतात आणि ते लोह शरीराला सहज घेऊ देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्यांना साल खा म्हणून सांगून भागणार नाही. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, ताटात लिंबू पिळणे आणि जेवणावर लगेच चहा न पिणे, हे सगळे मिळून काही हाती लागते. तेवढ्यानेही रक्तक्षय बरा होत नाही. औषध लागते तिथे औषधच घ्यायचे.

काही साली खाऊ नयेत हेही तितक्याच स्वच्छपणे सांगितले पाहिजे. हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा: सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये सालीत आणि सालीलगतच साठतात, आणि शिजवून ती जात नाहीत. कडू लागणारा दुधी किंवा दोडका: चव घेऊन थुंकायचा, सालच काय, गरही खायचा नाही. कडू दुधीच्या रसाने विषबाधा झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला त्यासाठी तज्ज्ञ समिती नेमावी लागली होती. आणि फवारणी. धुण्याने वरचे कीटकनाशक बरेचसे जाते, झाडाने आत शोषलेले जात नाही. चिरण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुणे हा किमान नियम. परसातला वेल हा त्याहून खात्रीचा उपाय. ज्या घरी मांडवावर दोडका चढवता येतो त्या घराने शिरा बाजारातून आणू नयेत.

आता चौथ्या प्रकाराकडे, तुरीच्या टरफलाकडे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कलबुर्गी, उदगीर, लातूर हा डाळगिरण्यांचा पट्टा आणि औराद त्याच्या काठावर. पूर्वी तूर घरीच व्हायची: भिजवून, लाल माती लावून, वाळवून, जात्यावर भरडून, सुपात पाखडून. टरफलाचा काही अंश डाळीला चिकटून राहायचा. गिरणीने डाळ स्वच्छ केली, पॉलिशने चकचकीत केली, आणि उरलेली चुणी जनावरांच्या गव्हाणीत गेली. आता आकडे पाहा. अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे ९ ग्रॅम तंतू, तर अख्ख्या तुरीत जवळपास २३. कॅल्शियम डाळीत ७० मिलिग्रॅमच्या आसपास, अख्ख्या तुरीत १३९. मुगाचेही तसेच: डाळीत सुमारे ९ ग्रॅम तंतू, अख्ख्या मुगात १७. प्रथिने मात्र तुरीच्या डाळीत किंचित अधिकच, कारण प्रथिने दलात असतात. म्हणजे डाळ करताना प्रथिने राहिली. तंतू आणि कॅल्शियम यांचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा गेला. देवणी गाय ती चुणी खाऊन दूध देते हे खरे, पण ज्या घरी गाय नाही त्या घरी तो वाटा परत येत नाही.

अख्खी सुकी तूर शिजायला दमवते आणि टॅनिनमुळे तुरट लागते, म्हणून टरफल काढण्यात आपले पूर्वज मूर्ख नव्हते. पण त्यांनी दुसऱ्या वाटाही ठेवल्या होत्या. मोड आलेल्या मुगाची उसळ, सालीची उडीद डाळ, आणि ओली तूर. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात वेळा अमावास्या होते. शेतात कोप करतात, पांडवांची पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबील यांचे जेवण होते. त्या भज्जीत ओली तूर, ओला हरभरा, वाल, वाटाणा कोवळ्या टरफलासकट पडतात, वांगी-गाजरे सालीसकट पडतात, आणि वरून बेसन, ताक किंवा चिंच. सालीतल्या पोषणाचा यापेक्षा नेटका धडा मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिसलेला नाही. खंत एवढीच की तो वर्षातून एकदाच गिरवला जातो.

सालीच्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे आणि ती चवदार नाही. घरातल्या बाया शेवटी जेवायच्या. भाजी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात संपलेली असायची. उरलेल्या भाकरीला कोरड्यास म्हणून शिरांची चटणी असायची. ‘आमच्यात सालपटं खात नाहीत’ हे वाक्य त्यामुळेच प्रतिष्ठेचे झाले. सालीचे कौतुक करणाऱ्या शहरी लेखांना हे ओझे ठाऊक नसते. जी गोष्ट कुणाला गरिबीने खावी लागली, तीच आता आरोग्याच्या नावाने महाग पाकिटात विकली जाते आहे. म्हणून या पुस्तकाची एक अट मी महत्त्वाची मानतो: साल सगळ्यांच्या ताटात असेल तरच तिला पोषण म्हणायचे, एकटीच्याच ताटात असेल तर तो अन्याय आहे.

आत्ताच हे का सांगायचे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज आला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवले. औराद, भालकी, उदगीरच्या घरांतही आता ज्वारीच्या जागी गहू आणि रेशनचा तांदूळ आला आहे. डाळ सोलल्याने आणि तांदूळ आल्याने ताटातले तंतू दोन्हीकडून घटले. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतला अन्नाचा अपव्यय माणशी वर्षाला ५५ किलो धरला आहे. त्या हिशेबात साली, हाडे असे ‘न खाण्याजोगे’ भागही येतात, आणि काय न खाण्याजोगे हे समाजागणिक बदलते, असे तो अहवालच मान्य करतो. म्हणजे आपल्या सवयीने ती रेघ जिथे ओढली आहे, तिथून ती हलवताही येते.

हे पुस्तक ती रेघ थोडी हलवू पाहते. सीमाभागातल्या स्वयंपाकघरांतले सालींचे पदार्थ त्यात घरच्या मापांत, वाटी, मूठ, चिमूट, अशा रीतीने दिले आहेत. जिथे शास्त्राचा आधार भक्कम आहे तिथे आकडा दिला आहे, जिथे नाही तिथे फक्त चव सांगितली आहे. कुठलीही साल कुठल्याही रोगावर औषध म्हणून दिलेली नाही. मराठी, कन्नड, दखनी नावे शेजारी शेजारी ठेवली आहेत, कारण चटणी एकच आहे. पाककृतींचे पुस्तक म्हणून ते वाचता येईल, पोषणाची ओळख म्हणून वाचता येईल, आणि एका दुष्काळी मुलखाने अन्न कसे पुरवले याची नोंद म्हणूनही.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक वाचून लगेच सगळ्या साली खायला लागू नका. आठवड्याला एक साल निवडा, ती नीट धुवा, नीट शिजवा आणि घरातल्या प्रत्येकाच्या ताटात वाढा. आवडली तर ठेवा, नाही आवडली तर गाईला घाला. पण टाकण्याआधी एकदा चाखून पाहा, आणि घरात कुणी म्हातारी असेल तर ती साल ती कशी करायची ते आजच विचारून लिहून ठेवा.